या वसंतात शाळेला तुमची हजेरी हवी आहे

वसई, ५ फेब्रुवारी २०२६

वसई धर्मप्रांतातल्या हायस्कूलांत ज्यांची मुलं शिकतात, त्या सर्व पालकांना,



शाळेचं परिपत्रक एव्हाना तुमच्या मोबाइलवर आलं असेल. दहावीच्या लेखी परीक्षेच्या तारखा, खालच्या वर्गांची पालकसभा, प्रायश्चित्तकाळातले कार्यक्रम, पवित्र सप्ताहातली सुट्टी, वार्षिक परीक्षा, असं सगळं त्यात ओळीने दिलेलं असतं. बहुतेक घरांत ते आई वाचते, वडिलांच्या कानावर घालते आणि फी भरायची शेवटची तारीख तेवढी लक्षात राहते. माझं नोकरीचं सारं आयुष्य चर्चच्या आवारातल्या शाळेत मराठी शिकवण्यात गेलं. अशी कितीतरी परिपत्रकं मी स्वतः लिहिली. त्यांत जे लिहिण्याची पद्धत नसते ते आज उघडपणे सांगतो. फेब्रुवारीपासून जूनपर्यंतच्या या दिवसांत तुमच्या मुलाला तुम्ही शाळेत दिसायला हवेत. क्लासची फी, गाइडं, मोबाइलचा रिचार्ज हे सगळं तुम्ही पोटाला चिमटा काढून पुरवता. कमी पडते ती तुमची हजेरी.

पत्र आजच्याच तारखेला लिहिण्यामागे कारण आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी इथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर प्राण देणारे संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. आई इथली, वडील पोर्तुगीज. इथल्या जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले, किशोरवयातच जपानला गेले, तिथली भाषा आत्मसात केली, काही काळ व्यापार केला आणि पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संतपद दिलं. उद्या, ६ तारखेला, त्यांचा सण आहे. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो. मला मात्र ते आधी आपल्या शाळांचे विद्यार्थी म्हणून आठवतात. घर सोडून समुद्रापार निघाले तेव्हा ते आजच्या नववी-दहावीतल्या मुलांएवढेच होते. त्या वयात मूल किती पेलू शकतं याचा आपल्याला अंदाज नसतो. म्हणून आपण एक तर त्याच्या डोक्यावर नको तेवढं ओझं ठेवतो, नाही तर त्याला अजून काही कळत नाही असं धरून चालतो. शाळेत येऊन त्याला त्याच्या सवंगड्यांमध्ये वावरताना पाहिलं की हा अंदाज येऊ लागतो.

आता तोंडावर आलेल्या दिवसांविषयी. यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आहे. त्याच संध्याकाळी चंद्रदर्शन झालं तर १९ तारखेला मुसलमान घरांत पहिला रोजा असेल. १९ लाच शिवजयंती. आणि २० तारखेला, शुक्रवारी, दहावीचा पहिला पेपर. एकाच आठवड्यात इतकं सगळं एकत्र क्वचित येतं. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या, वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवलेल्या झावळ्या जाळून केलेली राख बुधवारी मुलांच्या कपाळाला लागेल आणि दोन दिवसांनी तीच मुलं हॉल तिकीट घेऊन परीक्षा केंद्रावर उभी असतील.

दहावीच्या मुलांच्या आयांना या बुधवारी एक प्रश्न हमखास पडतो: उपवास करू द्यायचा की नाही? चर्चचा नियम इथे मुलांच्या बाजूने आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी मांसाहार टाळायचा असतो, उपवासाचं बंधन मात्र अठरा वर्षांनंतर सुरू होतं. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीने त्या दिवशी मटण-कोंबडी खाऊ नये एवढीच अपेक्षा आहे. तिला भाकरी-भाजी पोटभर द्या. प्रायश्चित्त म्हणून तिला स्वतःहून काही सोडायचं असेल तर रात्रीचा मोबाइल सोडू दे, आणि तिच्यासोबत तुम्हीही सोडा. घरातल्या मोठ्यांचे फोन रात्री नऊनंतर बंद झाले तर ते त्या मुलीला पाठ केलेल्या प्रार्थनेपेक्षा जास्त शिकवून जाईल. ज्या घरात मुलगा रोजे ठेवणार आहे त्या घराला मी काय सांगावं? तुमचा धर्म तुम्ही जाणता. एवढंच म्हणेन की पेपर संपेपर्यंत फेब्रुवारीचं ऊन चांगलंच तापलेलं असतं. त्याला न्यायला कुणीतरी या, घरापर्यंत एकटं चालायला लावू नका.

पहिल्या पेपरच्या दिवशी केंद्राबाहेर काय चालतं ते मी फाटकाच्या आतल्या बाजूने वर्षानुवर्षं पाहत आलो. मुलगा पारदर्शक पाउच छातीशी धरून उभा असतो. आई बोटाने त्याच्या कपाळावर क्रूस करते. बाप जरा लांब स्कूटरवर बसून असतो आणि अगदी घंटा होताना तिथूनच ओरडतो, "काही सोडू नको रे, सगळं लिही!" मुलगा मागे वळून पाहत नाही, पण त्याचे खांदे ताठ झालेले मला आतून दिसतात. ते ओरडणं प्रेमाचंच असतं, हे मला ठाऊक आहे. तरी माझी विनंती आहे की त्या दिवशी स्कूटरवरून उतरा. त्याच्या शेजारी उभे राहा आणि काही बोलू नका. पेपर सुटल्यावर पहिला प्रश्न "किती गेला?" असा विचारू नका. त्याला स्वतःला सांगू द्या. आदल्या दिवशी त्याला घेऊन केंद्र पाहून या, कारण ते त्याच्या शाळेत असेलच असं नाही. वसई रोडच्या पुलावर सकाळी गर्दीत अडकलेल्या मुलाला मराठीच्या व्याकरणाची उत्तरं कशी आठवतील?

आठवी-नववीच्या मुलांच्या पालकांनो, दहावीच्या धामधुमीत तुमच्या मुलांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. शाळेचे वर्ग परीक्षेला जातात, शिक्षक पर्यवेक्षणाला जातात आणि या मुलांचे महिनाभर अर्धे तास मोकळे राहतात. हाच काळ त्यांच्याजवळ येण्याचा आहे. २७ फेब्रुवारीला, शुक्रवारी, मराठी भाषा गौरव दिन आहे. अनेक शाळांत त्या दिवशी मुलांची भाषणं होतात, फळ्यावर सुंदर अक्षरांत कविता लिहिली जाते आणि कार्यक्रम तासाभरात आटोपतो. यंदा त्या दिवशी आजी-आजोबांना शाळेत घेऊन या. सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी बोली बोलणारी माणसं आपल्या घरांत अजून आहेत. लग्नाच्या आदल्या रात्री गायची गाणी, विहिरीवरच्या रहाटाचे भाग, भातखाचरातली कामं यांचे शब्द त्यांच्या तोंडी जिवंत आहेत आणि आपल्या सातवीतल्या नातवंडाला त्यांतले दहासुद्धा येत नाहीत. वर्गात एका आजीने खुर्चीवर बसून एक गाणं म्हटलं आणि मुलांनी त्यातल्या शब्दांचे अर्थ वहीत उतरवून घेतले, तर मराठीचा त्याहून चांगला तास कुठला?

याच मातीतून मराठीला एक मोठा लेखक मिळाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. तिथल्याच सेंट जोसेफ मराठी शाळेत ते शिकले. पुढे त्यांनी 'सुवार्ता' मासिक सांभाळलं, सबंध बायबल सुबोध मराठीत आणलं आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसईच्या हिरवाईसाठी ते रस्त्यावरही उतरले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. गावच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा कुठवर जाऊ शकतो याचं उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावं लागत नाही. म्हणून जूनमधल्या प्रवेशाचा विचार करताना, शेजारच्या घराने इंग्रजी माध्यम घेतलं एवढ्याच कारणाने आपलं मूल मराठी वर्गातून काढू नका. आधी त्या वर्गात जाऊन एक तास बसा. मुख्याध्यापकांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत. शिक्षक कसे शिकवतात, इंग्रजीचा तास किती चांगला होतो, ग्रंथालय उघडं असतं का, हे डोळ्यांनी पाहा आणि मग ठरवा. ठरवून इंग्रजी माध्यम घेतलंत तरी माझी तक्रार नाही. माझा आग्रह तुम्ही पाहून ठरवण्याचा आहे.

पालकसभेबद्दल थोडं मनमोकळं बोलतो. सभेला येणाऱ्यांत आया जास्त असतात, वडील फार थोडे. ज्यांची मुलं चांगले गुण मिळवतात त्यांची घरं पुढच्या बाकांवर असतात आणि ज्यांनी यायलाच हवं ती घरं येत नाहीत. कारण सरळ आहे: बोलणी खायला कोण येईल? एकदा एक गृहस्थ सभा संपल्यावर आले. पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन दादरला गेले होते, तसेच परतले होते. शर्टावर कोथिंबिरीची पानं चिकटलेली. दारातच थांबून म्हणाले, "सर, उशीर झाला. मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवू नका, ते मला माहीत आहे. त्याची चित्रांची वही आहे म्हणतो, ती दाखवता का?" मी वही काढून दिली. ते उभ्याउभ्या एकेक पान उलटत गेले. टेम्पोचं चित्र आलं तिथे थांबले. नंबर प्लेटसुद्धा मुलाने बरोबर काढली होती. मुलगा व्हरांड्याच्या खांबाआडून पाहत होता. त्यानंतर तो मुलगा अभ्यासात पहिला आला, असं काही झालं नाही. पण तो शाळा चुकवायचा थांबला. एवढ्यासाठी मी ही गोष्ट सांगतो. सभेला उशीर झाला तरी या. कामाच्या कपड्यांत या. गुणांखेरीज मुलाचं आणखी काय आहे ते विचारा.

कॅथलिक नसलेल्या पालकांनो, तुमच्याशी वेगळं बोलायला हवं, कारण आपल्या अनेक शाळांत तुमची मुलं मोठ्या संख्येने आहेत आणि परिपत्रकातले निम्मे शब्द तुम्हाला परके वाटत असतील. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा काळ आम्ही प्रायश्चित्तात काढतो. रविवार वगळून हे चाळीस दिवस भरतात. या दिवसांत प्रार्थना, उपवास आणि दान या तिन्ही गोष्टींवर भर असतो. शुक्रवारी क्रुसाची वाट होते, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाची चौदा स्थानं चालत केलेली प्रार्थना. वर्गात या काळात एक दानपेटीही फिरते. कारितास इंडिया ही संस्था दरवर्षी प्रायश्चित्तकाळात भूक आणि रोग यांविरुद्ध मोहीम चालवते, त्यासाठी आणि गावातल्या गरजूंसाठी मुलं खाऊचे पैसे टाकतात. तुमच्या मुलाने या पेटीत काही टाकलंच पाहिजे अशी सक्ती नाही आणि कुणी करत असेल तर मुख्याध्यापकांना सांगा. पण पेटी कशासाठी आहे ते त्याला समजू द्या. यंदा महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, प्रायश्चित्तकाळ १८ पासून आणि रमजान त्याच्या पाठोपाठ. एकाच बाकावरच्या तीन मुलांच्या घरी एकाच आठवड्यात उपास आहेत. कोण कशासाठी उपाशी राहतो, हे त्यांनी मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगितलं, तर मूल्यशिक्षणाचा तास तिथेच झाला. तुमच्या घरचा उपास कसा असतो हे सांगायला तुम्ही वर्गात आलात तर शिक्षकांना आनंदच होईल.

दहावीची लेखी परीक्षा १८ मार्चला संपते. दुसऱ्या दिवशी, १९ मार्चला, गुढीपाडवा आहे आणि तोच संत जोसेफचा सण. सुतारकाम करून घर चालवणारा, बायबलमध्ये ज्याच्या तोंडी एकही वाक्य नाही असा हा संत. येशूला त्याने वाढवलं, हाताला काम शिकवलं, म्हणून तो वडिलांचा आणि कष्टकऱ्यांचा आश्रयदाता मानला जातो. यंदाच्या १९ मार्चला सुट्टी आहे, बाप माणूस घरी असणार. त्या दिवशी परीक्षेतून सुटलेल्या मुलाला घेऊन वडिलांनी बाहेर पडावं, असं मला फार वाटतं. वाडीत न्या, समुद्रावर न्या, तुम्ही जिथे काम करता ती जागा दाखवा. अकरावीला कुठली शाखा हा विषय त्या दिवशी काढू नका. त्या मुलाने वर्षभर ऐकून घेतलं आहे, आता तुम्ही त्याचं ऐका. पाडव्याला ज्यांच्या दारी गुढी उभी राहणार आहे, त्यांनी शेजारच्या कॅथलिक मुलाला कडुनिंब-गुळाचा प्रसाद द्यायला बोलवावं. दोन दिवसांत ईदही येईल. परीक्षेनंतरचा हा आठवडा मुलांना सगळ्यांच्या घरी फिरू द्या.

मग येतो पवित्र सप्ताह. २९ मार्चला झावळ्यांचा रविवार, २ एप्रिलला पवित्र गुरुवार, ३ ला शुभ शुक्रवार आणि ५ एप्रिलला ईस्टर. वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी ईस्टर धरतात. यंदा ती पौर्णिमा आपल्या चैत्राचीच आहे, म्हणून २ एप्रिलला सकाळी हनुमान जयंती आणि संध्याकाळी पवित्र गुरुवारची मिस्सा असा योग आहे. त्या संध्याकाळी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ पासून या बाराजणांत स्त्रियांनाही जागा दिली. ज्या धर्मग्रामात शाळा आहे तिथे या बाराजणांत एखादी नववीतली मुलगी, शाळेच्या आवाराची झाडलोट करणाऱ्या ताई आणि शाळेच्या बसचे चालक असावेत, अशी सूचना पालकांनीच फादरांकडे करावी. शाळेत फक्त हुशार मुलं आणि शिक्षक असतात असं मुलांना वाटतं. सगळ्या शाळेसमोर गुडघे टेकून फादर बसचालकाचे पाय धुतील, तेव्हा मुलांना शाळा कोणाच्या जिवावर चालते ते दिसेल. शनिवारी रात्रीच्या जागरणाला मुलांना न्या. अंधारात एका मोठ्या मेणबत्तीवरून शेकडो मेणबत्त्या पेटत जातात, ते एकदा पाहिलेलं मूल ईस्टर कशासाठी असतो हे विसरत नाही.

गेल्या वर्षी राज्याने पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल या दिवसांत ठेवल्या होत्या आणि शुभ शुक्रवार बरोबर त्यांच्या मध्यात, १८ एप्रिलला आला होता. घरातली आई सकाळी विज्ञानाचा अभ्यास घेत होती आणि संध्याकाळी क्रुसाच्या वाटेला धावत होती. यंदा ईस्टर लवकर आहे, तरीही वार्षिक परीक्षा त्याच्या मागोमागच येईल. म्हणून अभ्यासाची घाई मार्चच्या शेवटच्या आठवड्याआधी उरकू द्या आणि पवित्र गुरुवार ते ईस्टर या चार दिवसांत पुस्तकं बाजूला राहू द्या. एप्रिलच्या उन्हाचंही भान ठेवा. पत्र्याखालच्या वर्गात अकरानंतर बसवत नाही. परीक्षा सकाळी लवकर ठेवा, पाण्याचे माठ भरून ठेवा, असं शाळेला सांगायला पालक-शिक्षक संघाच्या सभासदांनी वाट पाहू नये. त्यातून माठ भरून ठेवण्याचं काम तर पालकच करू शकतात.

मेमध्ये दहावीचा निकाल येईल. गेल्या वर्षी तो १३ मे रोजी लागला होता. गेल्या वर्षीपासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात, म्हणजे गावातल्या कॉलेजलाही फॉर्म त्याच वाटेने भरावा लागतो. अल्पसंख्याक संस्थांच्या कनिष्ठ महाविद्यालयांत त्या समाजासाठी ५० टक्के जागा असतात आणि शाळा-कॉलेज एकाच संस्थेचं असेल तर तिथल्या विद्यार्थ्यांसाठी १० टक्के. या जागा असूनही काही मुलांचे प्रवेश दरवर्षी अडतात आणि बहुतेक वेळा ते नावावरून अडतात. आपली आडनावं बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एका स्पेलिंगने, आधार कार्डावर दुसऱ्या आणि शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या. कुठे अपॉस्ट्रॉफी आहे, कुठे दोन शब्द जोडून लिहिले आहेत, कुठे वडिलांचं नाव मधे आहे, कुठे आजोबांचं. निकालानंतर कार्यालयासमोर रांगेत उभं राहून हे दुरुस्त होत नाही. शाळेच्या नोंदवहीतलं नाव बदलायला वेळ लागतो. म्हणून आजच संध्याकाळी तिन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर याच महिन्यात शाळेच्या कार्यालयात जा. नववीच्या पालकांनी तर नक्कीच, कारण दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरताना तेच नाव पक्कं होतं.

शाळा चालवणाऱ्या फादर, सिस्टर आणि मुख्याध्यापकांनो, हे पत्र पालकांना आहे, पण तुमच्यापाशीही एक मागणं आहे. पालकांनी यावं असं वाटत असेल तर ते येऊ शकतील अशा वेळी बोलवा. मुंबईला लोकलने जाणारा बाप कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता सभेला येऊ शकत नाही. पहाटे भाजी-फुलं घेऊन निघणारी आई दुपारी बारानंतरच मोकळी होते. रविवारच्या मिस्सेनंतरचा तास किंवा संध्याकाळी आठची वेळ ठेवून पाहा. परिपत्रक इंग्रजीत काढत असाल तर त्याच्यासोबत मराठीतही काढा, साध्या वाक्यांत. पालकसभेत फीची थकबाकी सगळ्यांसमोर वाचू नका. त्यासाठी कार्यालयात एकेकट्याला बोलवा. एका सभेत नाव वाचलं गेलं की ते घर पुन्हा शाळेची पायरी चढत नाही आणि त्याचं मूल मग एकटं पडतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा काढला, त्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानलं आहे. त्याला गेल्या ऑक्टोबरात साठ वर्षं झाली. ज्यांना आपण पहिले शिक्षक म्हणतो त्यांना शाळेत बसायला खुर्ची मिळाली पाहिजे.

आणि पालकांनो, शेवटी तुम्हाला. आपल्या गावांतल्या जुन्या शाळा चर्चच्या सावलीत उभ्या राहिल्या, तेव्हा गावानेच त्या आपल्या मानल्या. आज आपण शाळेला पैसे देतो आणि सेवा घेतो, असं नातं होत चाललं आहे. पैसे देणारा माणूस तक्रार करू शकतो. पण मुलाला त्याची शाळा आपली वाटायला हवी असेल, तर त्याने आपल्या आईला तिथे माठ भरताना, बापाला बाक दुरुस्त करताना, आजीला गाणं सांगताना पाहायला हवं. मोठेपणी ही मुलं कुठेही गेली, तरी संस्थेला आपलं मानण्याची सवय त्यांना इथेच लागेल किंवा लागणार नाही.

म्हणून या चार महिन्यांत प्रत्येक घराने एक दिवस शाळेला द्यावा. कुठलाही निवडा. २० फेब्रुवारीला केंद्राच्या फाटकावर उभे राहा आणि ज्या मुलाचं कुणी आलेलं नाही त्याच्याही शेजारी उभे राहा. २७ तारखेला आजीला घेऊन या. परीक्षेच्या दिवसांत पाणी भरा. मेच्या सुट्टीत ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवायला दोन तास काढा. पुढच्या पालक-शिक्षक संघासाठी नाव द्या, विशेषतः वडिलांनी. हे पत्र वाचून झालं की परिपत्रक पुन्हा उघडा, तुमचा दिवस ठरवा आणि तो आजच मुलाला सांगा. मग त्या दिवशी काहीही झालं तरी जा.

तुमच्या सगळ्या मुलांना परीक्षेसाठी आशीर्वाद, आणि प्रत्येक घराला आपापल्या सणाच्या शुभेच्छा.

आपला,
वसईतला एक निवृत्त मराठी शिक्षक